एकतीस नंबरची मालकीण

१

भिंगरीची नोकरी नकार घेण्याची होती. सकाळी साडेनऊला खुर्चीत बसायचं, समोर हिरव्या बनातीवर ओळीने मांडलेल्या चाळीस फोनांवर एकेक बोट टेकवायचं आणि फोनने ओळख नाकारली की कागदावर फुली मारून पुढच्या फोनकडे वळायचं. नकार देताना फोन दोनदा थरथरतो. बनातीवर असला की त्याचा घुर्र-घुर्र असा दबका आवाज येतो. दहा बोटं आणि चाळीस फोन, म्हणजे एका फेरीत चारशे नकार, आणि दिवसाला तीन फेऱ्या. स्थळं बघतानासुद्धा कुणाच्या वाट्याला इतके नकार आले नसतील, असं शेजारच्या खुर्चीतले मास्तर म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. ते शाळेतून निवृत्त होऊन इथे आले होते.

फोन बाजारात जाण्याआधी त्यावरचा बोटांचे ठसे ओळखणारा भाग भरवशाचा आहे की नाही, हे तपासणारी ती प्रयोगशाळा होती. तिथे माणसांच्या दोनच जाती होत्या, मालक आणि परके. मालक एकदा यायचे, एका फोनवर आपला अंगठा नोंदवायचे, आणि मग महिन्यातून एकदा तो फोन आपल्याला अजून ओळखतो का ते बघून जायचे. परके रोज यायचे. त्यांच्या बोटाने एकही फोन उघडता कामा नये, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. मालकांचं दार उजवीकडचं, परक्यांचं डावीकडचं. दोघांची गाठ पडू नये म्हणून मधे पक्की भिंत होती.

भिंगरी हे अर्थातच घरातलं नाव. लहानपणी तिचा पाय एका जागी ठरत नसे म्हणून आईने ठेवलेलं. आता त्रेचाळिसाव्या वर्षी दिवसभर एका खुर्चीला खिळून बसायचं काम पत्करलं, तरी नाव काही सुटलं नव्हतं. कामावर मात्र ती ‘परकी नऊ’ होती.

घरी आई होती. दोन वर्षांपूर्वी तिची नजर गेली आणि नजरेबरोबर माणसांवरचा विश्वासही गेला. ती भिंगरीशिवाय कुणाच्या हातून घास घेत नसे. भिंगरी चमचा घेऊन बसली की आई आधी म्हणायची, "दे बघू अंगठा." मग उजव्या अंगठ्यावरून आपलं बोट सावकाश फिरवायची. सात वर्षांची असताना डब्याच्या पत्र्याने कापलं होतं, त्याचा तिरपा वण तिथे होता. तो लागला की आई तोंड उघडायची. भिंगरी कामावर असताना एक बाई आईला सांभाळायच्या. त्यांनी नाना खटपटी करून पाहिल्या, गोड बोलल्या, भिंगरीचा आवाजही काढून पाहिला. आईने दात घट्ट मिटले ते मिटलेच. दुपारी फक्त पाणी जायचं.

वजन उतरत चाललं होतं. दुपारचं जेवण सुरू झालं नाही तर महिन्याभरात नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुपारी घरी जाऊन येणं भिंगरीच्या आवाक्यातलं नव्हतं. बस जायला पाऊण तास घेई आणि तिला सुट्टी मिळे अर्ध्या तासाची. नोकरी सोडली असती तर दोघींच्याही जेवणाचा प्रश्न आला असता. ती रोज सकाळ-संध्याकाळ आईला दोन घास जास्त भरवायची आणि मनातल्या मनात दिवस मोजायची.

२

परक्यांसमोरचे फोन दर आठवड्याला बदलत असत. पाचव्या आठवड्यात नवा ट्रे आला. सोमवारच्या पहिल्याच फेरीत भिंगरीने एकतीस नंबरच्या फोनवर उजवा अंगठा टेकवला आणि घुर्र-घुर्र काही आलं नाही. पडदा उजळला. रिकामं निळं पान, वर घड्याळ, खाली ओळीत चार चित्रं. तिला आपण कुणाच्या तरी न्हाणीघराचं दार चुकून उघडल्यासारखं वाटलं आणि तिने हात झटकन मागे घेतला.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"उघडला."

"चला, कुणीतरी हो म्हणालं एकदाचं."

नियम असा होता की फोन उघडला तर पुन्हा तीनदा करून बघायचं. तिने पुन्हा तीनदा केलं. तिन्ही वेळा उघडला. बाकीच्या नऊ बोटांना मात्र त्याने रीतसर नकार दिला.

इंजिनियर आला. तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, सदा घाईत, पण माणूस सरळ. पन्नास हजारांत एखादा परका चुकून आत जातो, तेवढं आम्ही धरूनच चालतो, असं तो आधी म्हणाला. मग तिने त्याच्यासमोर आणखी पाचदा उघडून दाखवल्यावर त्याने फोन तारेने आपल्या यंत्राला जोडला आणि आत नोंदलेला ठसा मोठा करून पडद्यावर आणला.

राखाडी रेघांची वळणं होती. त्यांना छेद देत वरून खाली एक तिरपी पांढरी रेघ गेली होती. भिंगरीने आपला अंगठा पडद्याजवळ नेऊन धरला. इंजिनियरने एकदा अंगठा पाहिला, एकदा पडदा पाहिला आणि डोकं खाजवलं.

३

"ताई, पहिल्या दिवशी तुम्ही कुठल्या दाराने आत आलात?"

तिने आठवून पाहिलं. जिन्यावरून धापा टाकत आली होती. समोर दोन दारं होती, त्यातलं उघडं दिसलं त्यातून ती शिरली. आत एका मुलीने तिला खुर्ची दिली आणि अंगठा ठेवा, उचला, ठेवा, उचला असं पंधरा-वीस वेळा करायला लावलं. ती हजेरीची पद्धत असेल असं भिंगरीला वाटलं होतं.

"उजव्या," ती म्हणाली.

"झालं मग." इंजिनियरचा जीव भांड्यात पडला. "तुमचाच अंगठा मालक म्हणून नोंदलाय. फोन बरोबर आहे, आपलंच चुकलं."

भिंगरीलाही हायसं वाटलं. "मग काढून टाका की."

"ते नाही जमणार. अकरा परक्यांनी चार आठवडे त्या फोनवर बोटं घासलीत. मालकाची नोंद काढली तर सगळी मेहनत पाण्यात. वरून मलाच झापतील." त्याने फोनची तार काढली. "अडचण एवढीच आहे की एकच माणूस मालक आणि परका दोन्ही चालत नाही. कागदावर दोन माणसं लागतात. तुम्हाला काय व्हायचंय सांगा. मालक महिन्यातून एकदा येतात. परके रोज."

यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. रोजचं काम हवं होतं.

"परकीच ठेवा," ती म्हणाली.

त्याने कपाटातून एक छापील कागद काढला आणि दोन ओळी हाताने भरल्या. ‘मालक क्रमांक एकतीस आणि मी या दोन वेगळ्या व्यक्ती आहोत. सदर मालकाच्या ठशावर माझा कोणताही हक्क नाही.’ खाली सहीची जागा होती.

"आणि मालकाचं नाव काय लिहिणार?"

"मालकांची नावं नसतातच. नंबर असतो फक्त. तो फोन उद्यापासून तुमच्या ट्रेमधून काढतो, म्हणजे पुन्हा डोक्याला ताप नको."

तिने सही केली. पेन थोडं अडत होतं म्हणून दोनदा केली.

४

दुसऱ्या दिवशी इंजिनियर फोन काढायला विसरला. भिंगरीही सवयीने ओळ चालत गेली. तीस झाला, एकतीसवर अंगठा टेकला, आणि बनातीवर घुर्र-घुर्र झालं.

तिने पुन्हा टेकवला. पुन्हा नकार आला. अंगठा ओढणीला पुसला, फोनची काच पुसली, थोडा जोर देऊन पाहिला. एकतीस नंबरला ती आता माहीत नव्हती.

"तुम्ही त्यात काही बदललंत का?" तिने इंजिनियरला विचारलं.

"हातही लावला नाही."

"मग काल उघडत होता, आज का नाही?"

"अंगठा कोरडा पडला असेल. असं होतं ताई. किती चूक चालवून घ्यायची याची एक रेषा असते. परका आत येऊ नये म्हणून ती जरा घट्ट केली की घरचं माणूसही कधीकधी बाहेर राहतं." तो खूश दिसत होता. "आपल्या दृष्टीने चांगलंच झालं. परकीला नाकारलं. आता काढायचीही गरज नाही, राहू दे ट्रेमध्ये."

तिला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. कागदावरची सही फोनला कळते असं मानायला ती काही खुळी नव्हती.

संध्याकाळी बसच्या थांब्यावर तिने पर्समधून स्वतःचा फोन काढला. दोन वर्षं वापरातला, कोपऱ्यावर टवका उडालेला. अंगठा टेकवला तर तो हातातल्या हातात दोनदा थरथरला. पाच वेळा तसंच झाल्यावर त्याने आकडे मागितले. आकडे टाकून ती आत गेली आणि अंगठा नव्याने नोंदवायला बसली. काचेवर बोट ठेवताक्षणी पडद्यावर अक्षरं आली, की हे बोट आधीच नोंदलेलं आहे. बाहेर येऊन पुन्हा लावलं तर पुन्हा नकार.

तिने हे दुसऱ्या दिवशी मास्तरांना सांगितलं.

"म्हणजे ओळखतो, पण ओळख दाखवत नाही," मास्तर म्हणाले. "आमचे व्याही अगदी असेच आहेत."

ती हसली. त्या दिवसापासून ती आकडे टाकूनच फोन उघडू लागली आणि दोन दिवसांत ते अंगवळणीही पडलं.

५

गुरुवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई उशीला टेकून बसली होती आणि तिचे गाल जरा वर आल्यासारखे दिसत होते. भिंगरी वाटी घेऊन बसली. आईने अंगठा चाचपला, तोंडही उघडलं, पण दोन चमच्यांतच मान फिरवली.

"पुरे. दुपारचंच अजून अंगावर आहे."

"दुपारचं काय?"

"जास्तच भरवलंस गं आज."

भिंगरी स्वयंपाकघरात गेली. बाई भांडी पालथी घालत होत्या.

"आई दुपारी जेवली?"

"हो की. तुम्हीच तर भरवलंत ताई." बाईंनी पदराला हात पुसले. "मी मागे कपडे वाळत घालत होते. आत तुमचा आवाज आला. म्हटलं मायलेकी बोलतायत, कशाला मधे जा. येऊन बघते तर तुम्ही दारातून बाहेर पडत होतात. हाक मारली, पण तुम्ही घाईत होतात."

"चेहरा पाहिलात माझा?"

बाईंनी जरा चमकून पाहिलं. "पाठच दिसली. पण ताई, रोज बघते तुम्हाला. पाठ ओळखणार नाही होय?"

दुपारी एक वाजता भिंगरी चाळीस फोनांसमोर बसलेली होती. तिच्या शेजारी मास्तर डबा खात होते. तिच्या कागदावर त्या वेळच्या फुल्या होत्या. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिने सरळ हिशोब मांडला की बाई खोटं बोलतायत. वाटीतलं त्यांनीच खाल्लं असेल आणि म्हातारीच्या मनात काहीतरी भरवून दिलं असेल. माणूस कंटाळला की असं करतो. हे पटण्यासारखं होतं आणि त्याने तिला झोपही लागली.

पण पुढच्या आठवड्यात, शनिवारी, डॉक्टर घरी आले. त्यांनी आईला काट्यावर उभं केलं आणि वजन दीड किलोने वाढलं होतं.

"दुपारचं सुरू केलंत वाटतं," ते म्हणाले. "छान. नळी टळली म्हणायची. फक्त आता खंड पडू देऊ नका."

भिंगरीला आनंद झाला. खरोखरच झाला, डोळ्यांत पाणी आलं. मग तिच्या लक्षात आलं, की खोटं बोलून कुणाचं वजन दीड किलो वाढत नाही.

६

नंतरच्या सोमवारी सकाळी आईने अंगठा हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. वणावरून बोट वर नेलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं. भिंगरीच्या हातातला चमचा थंड होत होता.

"हा नव्हे," आई म्हणाली.

"आई, मीच आहे. भिंगरी."

"आवाज तसाच काढतेस. बाईही काढायच्या." आईने मान भिंतीकडे वळवली आणि दात मिटले. रागावली नव्हती. दारावर आलेल्या विक्रेत्याला नको म्हणावं, तसं म्हणाली होती.

संध्याकाळी भिंगरीने साबणाने हात धुतले, कोमट पाण्यात बुडवून ठेवले, अंगठ्याला तेल चोळलं आणि मग आईपुढे धरला. आईने शांतपणे बघितलं, म्हणजे बोटांनी बघितलं, आणि नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने आरशासमोर अंगठा धरला. वण होता तिथेच होता. त्याभोवतीच्या रेघाही होत्या. तिला तरी काहीच फरक दिसेना. अडचण अशी होती की स्वतःचा अंगठा तिने याआधी कधी नीट पाहिलाच नव्हता, मग फरक कशाशी ताडायचा?

वय झालं की माणसं ओळख विसरतात, हे तिने स्वतःला समजावलं. आजारात असं होतं. तिने मनाची समजूत घातली, तेवढ्यात आतून आई बाईंना म्हणाली, "भिंगरी आली की मला उठवा हो. परवा तिच्या हाताला साबणाचा वास नव्हता, बरं वाटलं. या संध्याकाळच्या बाई फार साबण लावतात."

आता आई सकाळी जेवत नव्हती आणि संध्याकाळीही नाही. दिवसातून एकदाच जेवायची, दुपारी. वाटी चाटूनपुसून रिकामी असायची. बाई सांगायच्या की ताई आल्या होत्या. कधी त्यांना पाठ दिसायची, कधी नुसता आवाज यायचा, कधी जिन्यावर पावलं वाजायची. भिंगरीने एकदा शहानिशा करायची म्हणून विचारलं, "मी काय नेसले होते?"

बाईंनी तिच्याकडे काळजीने पाहिलं. "ताई, तुम्ही जरा विश्रांती घ्या," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडे धावून धावून तुमची दमछाक होतेय."

७

महिनाअखेर मालकांची फेरी झाली. भिंतीपलीकडे खुर्च्या सरकल्याचे आवाज सकाळभर येत होते. परक्यांना त्या दिवशी काम कमी असे. जेवणाच्या सुट्टीआधी इंजिनियर निकालाचे कागद घेऊन त्यांच्या खोलीतून चालला होता. भिंगरीने त्याला थांबवलं.

"साहेब, एकतीसच्या पुढे रकाना कोरा राहिला असेल ना? अडचण नाही ना येणार तुम्हाला?"

"कोरा कशाला राहील?" त्याने कागद तिच्यापुढे धरला. एकतीसच्या पुढे लिहिलं होतं, ‘हजर. दहापैकी दहा वेळा स्वीकारलं.’ खाली सही होती. पेन अडल्यामुळे ती दोनदा केलेली दिसत होती.

"कोण आलं होतं?"

"तुमच्या बहीण ना त्या?" इंजिनियर हसला. "मला वाटलं तुम्हीच पाठवलंत, माझी नड भागवायला. म्हटलं ताईंनी फार केलं. अकराच्या सुमाराला आल्या, उजव्या दाराने. थांबा म्हटलं, चहा घ्या, तर नाही म्हणाल्या. आईला भरवायला जायचंय म्हणाल्या."

भिंगरीला बहीण नव्हती.

"साहेब, तो कागद फाडून टाका. मी सही केलेला."

"आता कशाला? तेव्हा खोटं लिहावं लागतंय म्हणून मला जरा वाईट वाटत होतं. आता तर खरंच दोन माणसं आहेत."

"दिसायला कशी होती?"

तो आठवू लागला. "हात बघितले फक्त," तो शेवटी म्हणाला. "आमचं काम हातांशीच. पण ताई, अंगठा असा की पहिल्याच झटक्यात घेतला फोनने. इतका स्वच्छ ठसा मी बघितला नाही."

मास्तर ऐकत होते. त्यांनी एरवीसारखा विनोद केला नाही. घड्याळाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "साडेबारा झालेत. तुम्ही निघा. तुमच्या फुल्या मी मारतो."

८

दुपारची बस रिकामी होती आणि पस्तीस मिनिटांतच पोचली. भिंगरी चार जिने चढली. दाराला किल्ली लागली. किल्लीला कुणाचा अंगठा लागत नाही, एवढं एक बरं होतं. तिने चपला काढल्या आणि आत आली.

स्वयंपाकघरात बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. पातेल्यातून काहीतरी वाटीत काढत होत्या. पावलांची चाहूल लागली तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. आतल्या खोलीच्या दिशेने त्या मोठ्याने म्हणाल्या, "ताई, अजून थोडं आणू का?"

"आणा," आतून आवाज आला.

आपला आवाज बाहेरून ऐकला की माणसाला तो आपला वाटत नाही. भिंगरीलाही वाटला नाही. जरा पातळ वाटला, जरा समाधानी. ती खोलीच्या दारापर्यंत गेली. पडदा अर्धा ओढलेला होता. खिडकीतून ऊन पलंगावर पडलं होतं आणि आई त्या उन्हात बसली होती, केस विंचरलेले, गालांवर तुकतुकी. पलंगाशेजारची खुर्ची दाराकडे पाठ करून होती. खुर्चीच्या पाठीवरून एक खांदा दिसत होता आणि पुढे आलेला एक हात. आईने त्या हाताचा अंगठा मुठीत धरला होता, लहान मूल धरतं तसा. चमचा वर गेला. आईने तोंड उघडलं.

गेल्या आठ दिवसांत भिंगरीने ते तोंड उघडलेलं पाहिलं नव्हतं. ती बघत राहिली. चार घास झाले, पाच झाले. तिला रडू येत होतं आणि आईच्या पोटात अन्न जातंय याचं बरंही वाटत होतं. दोन्ही एकदमच होत होतं.

पाय हलला असावा, कारण आईने मान वर केली.

"कोण आहे दारात?"

खुर्चीतलं कुणी वळलं नाही. चमचा हवेत थांबला होता.

"इकडे या," आई म्हणाली. "हात द्या बघू."

भिंगरी पलंगाच्या दुसऱ्या बाजूने गेली. खुर्चीकडे बघायचं नाही एवढं तिने ठरवलं होतं. ती आईच्या हातांकडेच बघत राहिली. तिने उजवा अंगठा पुढे केला. आईच्या एका मुठीत तो दुसरा अंगठा तसाच होता. मोकळ्या हाताने तिने हा चाचपला. वणावरून बोट वर गेलं, खाली आलं. आई विचार करत होती. तिच्या कपाळावर आठी पडली आणि ओठ हळूहळू मिटत गेले, घट्ट, दुपारी बाईंसमोर मिटायचे तसे. वाटीत अजून अर्धं शिल्लक होतं.

भिंगरीला कळलं की आपण इथे आणखी थोडा वेळ उभं राहिलो, आणखी एकदा ‘आई, मीच’ म्हटलं, तर हे ओठ उघडायचे नाहीत. ना आपल्यासाठी, ना खुर्चीतल्या हातासाठी. मग डॉक्टर येतील आणि नळी आणतील.

तिने अंगठा सोडवून घेतला.

"माफ करा आजी," ती म्हणाली. "घर चुकलं. शेजारी जायचं होतं मला."

आईची आठी गेली. चेहरा सैल पडला, जुन्या दिवसांतल्यासारखा अगत्याचा झाला.

"असू द्या हो. सारखीच दारं आहेत इथली. चार जिने चढून आलात, पाणी तरी घ्या. आमची भिंगरी घरात आहे, ती देईल." मग दुसऱ्या बाजूला तोंड करून ती म्हणाली, "ऊठ गं, यांना पाणी आणून दे."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भिंगरी "नको, नको" म्हणत पडद्याबाहेर आली. बाईंच्या पाठीमागून गेली आणि चपला हातात घेऊन जिना उतरू लागली. वर आपल्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं आहे, हे तिला दुसऱ्या मजल्यापर्यंत जाणवत होतं. तिने वर पाहिलं नाही. तिसऱ्या फेरीला अजून वेळ होता, बस मिळाली तर ती पोचणार होती.